पंधरा नंबरमधला घाट

१

“अगो, तो एकला नाय आयला. त्याचे संगती—”

जिन्याच्या वळणावर रत्नप्रभाचं पाऊल वाजलं आणि सोनूबाई कोळणीचं वाक्य तिथंच मोडलं. समोर उकिडवी बसलेली शेजारची प्रेमा एकदम पाटीतले बोंबील चाचपायला लागली, जणू सकाळपासून तिला बोंबलांशिवाय दुसरा विषयच सुचला नव्हता.

“कोण गं एकटा नाही आला?”

“कोन नाय. बोंबील घेतंस काय? ताजं हाय.”

“बोंबील दिसतायत मला. मी वाक्याचं शेपूट मागतेय.”

“शेपूट मांजरीला ठेवलंय,” असं म्हणून सोनूबाईने पाटी डोक्यावर चढवली आणि ती खाली उतरली. प्रेमाही ‘दूध उतू जाईल गं बाई’ करत सटकली.

अर्धं वाक्य म्हणजे रत्नप्रभाला घशात अडकलेला काटा. भाताचा मुटका गिळून तो जात नाही. वाक्य कुणाबद्दल होतं हे तिला विचारायची गरजच नव्हती. मुलुंड पूर्वेच्या त्या बिल्डिंगीत, मिठागराच्या अंगाला, गेल्या दोन महिन्यांत बाहेरगावाहून आलेला माणूस एकच. जयवंत. पंधरा नंबरचा. मालवाहू बोटीवर फिटर. चौदा महिन्यांनी होळीच्या आठवड्यात घरी आला होता आणि तेव्हापासून त्याची बायको सुलक्षणा गॅलरीत केस विंचरताना कुणाशी हसून बोललेली रत्नप्रभाने पाहिली नव्हती.

रत्नप्रभाचा नंबर चौदा. मधे एक भिंत. या भिंतीतून तिला पंधरा नंबरची फोडणी कळायची, भांडण कळायचं, समेटही कळायचा. होळीपासून फोडणीचा चुर्र आवाजच आलेला नव्हता.

“तुका काय पडलाहा?” जेवताना नवरा धोंडिराम म्हणाला. संपात गिरणी गेल्यापासून तो भांडुपच्या एका कारखान्यात वॉचमन होता. दुसऱ्याच्या फाटकावर दिवसभर लक्ष ठेवल्यावर घरी आलेल्या माणसाला शेजाऱ्यांवर लक्ष ठेवायचा कंटाळा येतो. “दुसऱ्याच्या घरात नाक घालू नको.”

“नाक कशाला, वाटी घालीन,” रत्नप्रभा म्हणाली आणि विरजण मागायच्या निमित्ताने रिकामी वाटी घेऊन उठली.

२

उंबरा ओलांडला आणि तिच्या दोन्ही कानांत दडे बसले.

एसटी फोंडाघाट चढायला लागली की बसतात ना, अगदी तसे. तिने आवंढा गिळला. कान टक्‌ करून उघडले आणि पुन्हा बंद झाले. उष्णता बाधली असेल, म्हणाली मनाशी. सत्त्याऐंशीचा मे महिना, पत्रा तापलेला. पण खोलीत उकडत नव्हतं.

सुलक्षणा स्टोव्हपुढे बसली होती. पातेल्यात डाळ खळखळ उकळत होती आणि ती तिच्याकडे नुसती बघत होती.

“किती वेळ झाला गं?”

“अडीच तास, काकी.”

“कुकर आहे ना तुझा?”

“शिट्टीच देत नाही. गॅस्केट दोनदा बदललं.” तिने पळीने चार दाणे काढून रत्नप्रभाच्या तळव्यावर ठेवले. डाळ दाताखाली कचकन मोडली. “भातही तसाच. रोज टणक. हे म्हणतात, राहू दे, मला भूक नाही. चौदा महिन्यांनी आलेल्या माणसाला माझ्या हातचं खावंसंच वाटत नाही, तर मी तरी कशाला शिजवत बसू?”

जयवंत कोपऱ्यात भिंतीला टेकून बसला होता. मूळचा हाडापेराने दणकट गडी; आता सदरा खुंटीवर टांगल्यासारखा दिसत होता. सुलक्षणाने त्याला चहा ओतून दिला. स्टोव्हवरून उतरवलेला, बुडबुडे अजून फुटत असलेला चहा. त्याने तो पाणी प्यावं तसा घटाघट संपवला आणि तोंड पुसलं.

रत्नप्रभाने हातातली वाटी खाली ठेवली. डोकंही दुखायला लागलं होतं, आणि चौथा मजला चढून आल्यासारखी धाप लागली होती. ती तर नुसतीच भिंतीपलीकडून आली होती.

“रेशनची डाळ असेल,” ती म्हणाली. “दे इकडे. माझ्या स्टोव्हवर बघते.”

पातेलं तिने जसंच्या तसं, पदराने धरून आपल्या घरी नेलं. चौदा नंबरात पाय ठेवताच कान मोकळे झाले. वीस मिनिटांत डाळ अशी शिजली की रवीही फिरवावी लागली नाही.

सातवी पास बाई. विज्ञान तिने शाळेत खडूपुरतंच पाहिलेलं. पण तीच डाळ, तेच पाणी, तेच पातेलं, आणि दोन स्टोव्हांमधे नऊ इंची भिंत, एवढं गणित तिलाही येत होतं. ते सुटत नव्हतं, हेही कळत होतं.

३

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने जयवंताला गाठलं. तो रोज मिठागराच्या बांधावर जाऊन बसायचा. तिथं त्याचा श्वास नीट चालायचा, हे तिने गॅलरीतून आधीच हेरून ठेवलं होतं. डबा उघडून तिने घावणा पुढे केला. त्याने हातात घेतला, तोंडाशी नेला, आणि समोरच्या रिकाम्या बांधाकडे बघून परत डब्यात ठेवला.

“जयवंता, लोक म्हणतात तू एकटा नाही आलास.”

तो दचकला नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं.

“लोक काय म्हणतात? बाई आणली?”

“पुढचं मला ऐकू आलं नाही. तूच सांग.”

“सुलूला तेच वाटतं. मी जेवताना तिसरं ताट मांडतो म्हणून.”

“दोघांच्या घरात तिसरं ताट? कुणाला रे?”

मग त्याने सांगितलं. गेल्या ऑगस्टात बोटीचं इंजिन बिघडलं आणि दीड महिना ते पेरू देशाच्या बंदरात अडकले. (“फळाच्या नावाचा देश?” रत्नप्रभाने विचारलंच. “तोच,” तो म्हणाला.) बोटीवरच्या सेकंड इंजिनिअरला डोंगराचं वेड. त्याने वाटाड्या ठरवला. अँडीज पर्वत, आठ दिवसांची वाट, सहा जण, सामानाला खेचरं. वाटाड्या म्हातारा, युसेबियो नावाचा. बोलणं सगळं हातवाऱ्यांनी. चालताना तो तोंडात धरायला कसलासा पाला द्यायचा, मागं राहिलेल्याला शिटी घालायचा, आणि जेवणाआधी पहिला घास जमिनीवर ठेवायचा.

“आपण पितरांना वाडी ठेवतो तसं.”

“तसंच. म्हणून मला तो घरचा वाटला, काकी. पाचव्या दिवशी मोठी खिंड. पंधरा हजार फूट. तिथं पाणी लवकर उकळतं पण काही शिजत नाही. डाळ दगडासारखी राहते. सोबत उकडून नेलेले बटाटे आणि चीज खायचं. खायला बसण्याआधी युसेबियोने सगळ्यांना खिंडीकडे पाठ करून बसवलं. हाताने सांगितलं, पानातच बघा. वर बघू नका.”

“आणि तू बघितलंस.”

“सवय हो. जेवताना वाटेने कुणी जाताना दिसलं तर आपण बघणारच. वीस पावलांवर दगडावर कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं. लाल लोकरीचं काहीतरी पांघरलेलं. एकटंच. तोंडात घास होता माझ्या. मी हात उंच केला आणि म्हटलं, या जेवायला.”

कुणीही म्हटलं असतं. कोकणातल्या माणसाला शेवटच्या श्वासाला घास दिला तरी तो आधी ‘या जेवायला’ म्हणेल. आणि समोरचाही ‘झालं माझं, चालू द्या’ म्हणून पुढे जातो. बोलावणं म्हणजे जेवण नव्हे, हे दोघांनाही ठाऊक असतं.

“तिथल्याला हे कुठून ठाऊक असणार?” ती हळू म्हणाली.

“युसेबियोने बघितलं. एक अक्षर बोलला नाही. माझं ताट हिसकावून कड्याखाली भिरकावलं. त्यानंतर तो वाटेत दर तासाला आम्हाला मोजायचा. सहा जण, काकी. पण त्याची सात बोटं उघडायची. तो एक मिटवायचा आणि पुन्हा मोजायला लागायचा. शेवटच्या दिवशी सगळ्यांशी हात मिळवला, माझ्याशी नाही.”

“दिसतं तुला?”

“नाही. पण जेवायला बसलो की समोर कुणीतरी पाठ करून बसलंय, हे कळतं. बोटीवरही तसंच. स्वयंपाक करणारा भंडारी रोज तांदळाला शिव्या घालायचा. समोर उपाशी माणूस बसलेला असताना मी एकटा कसा जेवू? म्हणून ताट मांडतो. पण वाढणार काय? शिजतंच नाही काही.”

४

दुपारी पंधरा नंबरातून ट्रंक ओढल्याचा आवाज आला. रत्नप्रभा हातातलं निवडणं टाकून धावली.

सुलक्षणा साड्या भरत होती. “दहिसरला जाते, आईकडे. उद्या दुपारी भाऊ येतोय न्यायला. त्यांना त्यांचं तिसरं ताट लखलाभ.”

“बाई नाही गं त्याच्यात.”

“मग कोण आहे? तुम्हीच सांगा. डॉक्टर म्हणतो काही नाही. हे म्हणतात काही नाही. अख्ख्या बिल्डिंगीला माहिती आहे, मलाच नाही. वेडी आहे ना मी?” ती ट्रंकेवर बसली आणि तिला धाप लागली. नुसतं बोलून. ओठांच्या कडा निळसर दिसल्या. “इथं मला श्वासही घेववत नाही, काकी.”

रत्नप्रभाला जयवंताची काटकुळी मनगटं आठवली. ही गेली तर तो या खोलीत एकटा उरेल, समोर ती पाठ आणि रिकामं ताट घेऊन. पावसाळा काही बघणार नाही तो. आणि राहिली तर हीसुद्धा.

तिचं डोकं दुखत होतं, कानात दडे होते, आणि तरी त्या दड्यांमधून एक गोष्ट तिला लख्ख कळली. संसार केलेल्या बाईलाच कळावी अशी.

“तो पाहुणा जायचा कसा?” ती जवळजवळ चिडूनच म्हणाली. “बोलावलंय, आणि वाढलेलं नाही! नऊ महिने झाले, पाटावर बसवून ठेवलाय. तो इथं आहे म्हणून इथं शिजत नाही, आणि शिजत नाही म्हणून तो उठत नाही. अगं, भुताची नाही, ही अडाणीपणाची गोष्ट आहे.”

“कोण पाहुणा? काय बोलताय काकी?”

“उद्या दुपारपर्यंत थांब. एक जेवण. मग तुला जायचं तर ट्रंकेला एका बाजूने हात मी लावीन.”

सुलक्षणा ट्रंकेवरून उठली. “भाऊ दोनला येणार,” ती म्हणाली.

“पुष्कळ झालं.”

५

सकाळी रत्नप्रभाने आपल्या स्टोव्हवर सगळं केलं. भात, वरण, काळ्या वाटाण्याची उसळ, वडे, शेवयांची खीर. धोंडिरामने विचारलं, सण कसला. ती म्हणाली, पाहुणा आहे. कुणाचा, त्याने विचारलं. चुकीच्या वेळी चुकीच्या माणसाला दिलेल्या बोलावण्याचा, असं काही तिला सांगता आलं नाही. “पंधरा नंबरचा,” ती म्हणाली. त्याने सुटीच्या दिवशी असल्या भानगडीत पडण्यापेक्षा कट्ट्यावर जाणं पसंत केलं.

बारा वाजता गॅलरी सामसूम झाली. सुलक्षणाला तिने दाराशी बसवलं. सुलक्षणाने रोजच्यासारखा कुकर स्टोव्हवर चढवून ठेवला होता, तो मुका बसला होता. जयवंताला पाटावर बसवून वाढलं. त्याच्यासमोर दुसरा पाट मांडला, आणि पान ठेवताना तिचा हात थांबला.

“कुठं तोंड करून बसतं ते?”

जयवंताने हनुवटीने दाखवलं. “भिंतीकडे.”

“मग पान पाठीमागे वाढून कसं चालेल, गाढवा? जेवेल कुठून?”

केळीचं पान तिने पाटाच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला ठेवलं. भिंत आणि पान यांच्यात हातभर जागा. वाढायचं म्हणजे त्या जागेत शिरायचं, भिंतीला पाठ लावून. म्हणजे ज्याची आजवर सगळ्यांनी पाठच पाहिली होती, त्याच्या तोंडासमोर उभं राहायचं. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा ती आत शिरलेली होती.

तिने नजर पानावर ठेवली. सासरी नवीन असताना वीस पानांच्या पंगतीत वाढायला शिकली होती ती. वाढणारीने जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं नसतं. मीठ. लिंबू. उसळ. भाताची मूद. भिंत पाठीला गार लागत होती. मे महिन्यात, बाराच्या उन्हात तापलेली भिंत. श्वास वरवरचा यायला लागला. जयवंत पलीकडे जेवू लागला होता. नऊ महिन्यांनी शिजलेला भात चावल्याचा तो आवाज तिने ऐकला आणि तिला धीर आला.

“सावकाश होऊ द्या,” ती म्हणाली.

बाहेर कावळाही ओरडत नव्हता. मग अगदी जवळ, तिच्या गुडघ्यांच्या उंचीवर, कुणीतरी मोठा श्वास घेतल्यासारखं वाटलं. चढ चढून आलेला माणूस घेतो तसा, लांब, कष्टाचा. वरणाचा वास तिच्या दिशेने येण्याऐवजी तिकडे ओढला गेला.

ती खाली वाकून वरण वाढू लागली, आणि नजर पानाच्या कडेपलीकडे चार बोटं घसरली. लाल लोकरीची किनार. हातमागाची, उसवलेली. तिच्या विणीत बर्फाचे कण अडकलेले, तांदळाच्या कण्यांएवढे, आणि ते वितळत नव्हते.

तिने नजर परत पानावर आणली. देव आठवला नाही. दुसरी वाढ राहिलीय, एवढंच आठवलं. तिने भात घेतला आणि पानाजवळ नेला.

आणि पानावर एक हात आडवा आला.

पुरे म्हणून जेवणारा धरतो तसा. बोटं काळी पडलेली, दोनांची टोकं नव्हती. मनगटाला लोकरीचा दोरा गुंडाळलेला. बाईचा की पुरुषाचा, तिला सांगता आलं नसतं. क्षणभरच. पण तो नको म्हणणारा हात होता, मागणारा नव्हता. हे मात्र तिला शपथेवर सांगता आलं असतं.

तिने भात परत घेतला. बांधून ठेवलेला विडा पानाशेजारी ठेवला. यजमानीण म्हणून जे म्हणायचं असतं ते तोंडातून आपोआप गेलं, पाहुण्याला निरोप देताना आईने, आजीने, सासूने म्हटलं होतं तसंच.

कान टक्‌ करून उघडले. कोपऱ्यात कुकरने शिट्टी दिली. एवढी खणखणीत की दाराशी बसलेली सुलक्षणा किंचाळली आणि मग तोंडावर हात ठेवून रडायला लागली.

पानावर सगळं जसंच्या तसं होतं. फक्त गार. आणि विडा नव्हता.

६

दोन वाजता भाऊ आला तेव्हा बहीण नवऱ्याला तिसऱ्यांदा भात वाढत होती. त्यालाही बसवलं. ट्रंक पलंगाखाली गेली.

महिन्याभरात जयवंताच्या अंगावर मांस चढलं. डॉक्टरी तपासणी पास होऊन जूनच्या शेवटी तो बोटीवर गेला, आणि जाताना रत्नप्रभाच्या पाया पडला. सुलक्षणा गॅलरीत केस विंचरत गप्पा मारू लागली. भिंतीतून फोडणीचा चुर्र आवाज येऊ लागला.

सोनूबाईला रत्नप्रभाने एक दिवस पाटीसकट धरलं. “आता सांग. त्या दिवशीचं पुढचं काय होतं?”

“काय सांगू गो. लोकं बोलायची, त्याचे संगती बाई आयलीय, फारीनची. सुलक्षनाचा घर मोडनार, तिथंच रवनार.” सोनूबाईने डोळे बारीक केले. “खरा हाय काय?”

“संगती होतं कुणीतरी,” रत्नप्रभा म्हणाली. “तेवढं खरं. राहायला नव्हतं आलं. जेवायला आलं होतं.”

“नी गेला?”

“जेवलं आणि गेलं. घर मोडलं नाही कुणाचं.”

सोनूबाईला ते काही पटलं नाही, पण तिने भाव केला नाही आणि एक बांगडा वर टाकला.

दसरा गेला. दिवाळी गेली. एका सकाळी, अकराच्या सुमाराला, रत्नप्रभाने डाळीचं पातेलं चढवलं आणि भाजी चिरायला बसली. भाजी झाली, कणीक मळून झाली. डाळ खळखळ उकळत होती. तिने पळीने चार दाणे काढले. कचकन मोडले.

विळी बाजूला ठेवून ती तशीच बसली. आवंढा गिळला. कान टक्‌ करून उघडले, आणि बंद झाले.

विडा देताना आपण काय म्हटलं, ते तिला आता शब्दन्‌ शब्द आठवलं. दारापर्यंत आलेल्या कुठल्या पाहुण्याला आपण ते म्हटलं नाही? वाण घ्यायला आलेल्या बायकांना, व्याह्यांना, अगदी विम्याच्या माणसालाही. ‘पुन्हा या हं.’ ऐकणाराही मान हलवतो आणि येत नाही.

धोंडिराम आंघोळीहून आला. “शिजला काय?”

“होईल,” ती म्हणाली.

ती उठली. दोन पाट भिंतीला उभे होते, तिने तिसरा काढून पुसला आणि भिंतीकडे तोंड करून मांडला. तांदूळ धुतले. पदर खोचला, पातेलं पदराच्या टोकाने धरलं, आणि धाप लागली तरी न थांबता गॅलरीतून जाऊन पंधरा नंबरची कडी वाजवली.

“सुलू, स्टोव्ह मोकळा आहे काय गं तुझा? पाहुणा आलाय माझ्याकडे. आणि या वेळी पाठवताना मी काय बोलते, तिकडे जरा लक्ष ठेव.”